पेर, बोट, मूठ, मनगट

चिंतामण भोये जंगलात शिरले की आधी खाली बसत. आम्ही शहरातली माणसं झाडीत गेलो की मान वर करतो. झाड केवढं, शेंडा कुठे, ओरडतोय तो पक्षी कोणता. भोयेदादा वर बघतच नसत. ते उकिडवे बसत, खाकी शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर सारत आणि पाचोळ्यात हात सरळ खुपसत. खाली घट्ट माती लागली की हात थांबे. मग तो बाहेर काढून, ओल कुठपर्यंत चढली आहे ते बघत, एकदा नाकाशी नेत आणि निकाल देत. "पेर." म्हणजे बोटाचं एक पेर बुडालं. त्याहून बरं असेल तर "बोट." अस्सल जंगल असेल तर "मूठ." आणि देवराईत, जिथे कुऱ्हाड कधी गेलीच नाही, तिथे "मनगट." हा शेवटचा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते असेच बसलेले होते आणि मी त्यांच्या मागे मोजायचा टेप घेऊन उभा होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी नाशिकच्या एका संस्थेत हंगामी नोकरीला लागलो होतो. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या एका नदीच्या खोऱ्यातली जंगलं कितपत सुरक्षित आहेत, ती पुढेही पाणी धरून ठेवतील की नाही, हे तपासायचं काम संस्थेकडे आलं होतं. नकाशावर ठिपके दिलेले असत. प्रत्येक ठिपक्यावर प्रत्यक्ष जायचं, दोरीने चौकोन आखायचा, आतली झाडं, रोपं, बुंधे मोजायचे, पाचोळ्याचा थर मोजायचा आणि फॉर्म भरायचा. अशा चौकोनाला आम्ही प्लॉट म्हणत असू. फॉर्मच्या तळाशी छापलेलं असे, 'समक्ष पाहिले', आणि त्याखाली त्या भागाच्या वनरक्षकाची सही. भोयेदादा त्या भागाचे वनरक्षक होते.

पहिल्याच प्लॉटवर ते "बोट" म्हणाले आणि मी टेप लावला. साडेसात सेंटिमीटर. दुसरीकडे पुन्हा "बोट". पुन्हा साडेसात. तिसऱ्या ठिकाणी मला राहवलं नाही.

"दादा, तुमचं बोट कंपनीत तयार झालंय का?"

"बोट आईनं दिलं. तुमचा टेप कुणी दिला?"

"ऑफिसनं."

"मग तो ऑफिसचंच ऐकणार." ते हसले. "आणि साहेब, टेपाला ओल कळती का? वास येतो का त्याला?"

त्या दिवसापासून मी 'टेपसाहेब' झालो.

त्यांची चौकी डोंगराच्या एका सोंडेवर होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे करवंदाची जाळी. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी पारूवहिनी राहत. गाव खाली अर्ध्या तासावर. भोयेदादा स्वतः कोकणा समाजातले, त्याच डोंगरातले. तरी गावात त्यांची ऊठबस नव्हती. लाकूडफाट्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला कोण ओट्यावर बोलावणार? आणि रेंज ऑफिसात गेले की तिथले लोक त्यांना दाराशी उभं ठेवत. "गावाला मी सरकारचा आणि सरकारला मी गावचा," ते म्हणत. "मधली जागा जंगलाची. तिथं कुणी हटकत नाय." पारूवहिनी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढता वाढता म्हणायच्या, "सर, यांच्याशी जरा बोलत जा. आठवडा आठवडा तोंड उघडत नाहीत. मी एकटी किती वेळ हूं हूं करू?" मी बोलायचो. खरं तर मीच ऐकायचो. मलाही तेव्हा बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

सहीच्या बाबतीत हा माणूस विलक्षण हट्टी होता. एकदा माझ्या देखत त्यांचे वरिष्ठ आले. जाळरेषेचं काम पाहिल्याच्या कागदांवर त्यांना सह्या हव्या होत्या. आग पसरू नये म्हणून जंगलात गवत कापून मोकळा पट्टा ठेवतात, ती जाळरेषा. भोयेदादा त्यातल्या निम्म्या पट्ट्यावरूनच चालून आले होते. त्यांनी निम्म्याच कागदांवर सही केली आणि उरलेले परत दिले.

"पाय गेला नाय तिथं सही जात नाय, साहेब."

"भोये, तुझी सही म्हणजे काय राष्ट्रपतींची आहे का रे?"

"नाय साहेब. त्यांना पेन सरकार देतं. माझा पेन माझा हाय."

वरिष्ठांनाही हसू आलं. कागद दोन दिवसांनी सही होऊन गेले, उरलेला पट्टा पायाखाली घातल्यावर. हा प्रसंग मी पुढे पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितला. वर्गात सांगितला, एका निरोप समारंभात सांगितला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. याच्या पुढचं मात्र कुठेच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आज ते लिहितो आहे.

गावाच्या डोक्यावर एक उभा उतार होता. वर काळा कडा आणि कड्याखाली दाट रान. ऐन, हेद, बेहडा, जांभूळ. त्याच रानातून एक झरा निघून गावच्या पाणवठ्यावर येई. मे महिन्यातही तिथे हंडा भरायचा. त्या उतारावर आमचे अकरा प्लॉट होते. चढण अवघड म्हणून आम्ही ते शेवटी ठेवले होते. मार्च उजाडला होता. आणि नेमका त्याच आठवड्यात मला नाशिकच्या एका कॉलेजात मुलाखतीचं बोलावणं आलं. कायमची प्राध्यापकी. हंगामी नोकरीतल्या माणसाला 'कायम' हा शब्द कसा ऐकू येतो, ते ज्यांनी तशी नोकरी केली आहे त्यांनाच कळेल.

त्याच वेळी भोयेदादांचा पाय मुरगळला. घोटा सुजून भोपळा झालेला. पारूवहिनींनी कसला तरी पाला वाटून बांधला होता. ते ओट्यावर पाय लांब करून बसले होते.

"टेपसाहेब, आठ दिवस थांबा. पाय चालायला लागला की जाऊ."

"माझी परवा मुलाखत आहे, दादा. मी एकटाच जाऊन येतो."

"एकटे? वाट सापडंल?"

"नकाशा आहे ना."

मी सकाळी निघालो. उताराच्या पायथ्याला पोचलो, वर पाहिलं. तासभर चढलो असेन. नसेन. मग एका सपाट दगडावर, जांभळीच्या सावलीत बसलो आणि अकराही फॉर्म तिथेच भरले. खालच्या रस्त्यालगत, गुरं चरून उघड्या पडलेल्या प्लॉटांचे आकडे माझ्याजवळ होतेच. त्यातच थोडं इकडे तिकडे केलं. आकडे खरे वाटावेत म्हणून कुठे एक झाड वाढवलं, कुठे एक बुंधा कमी केला. दुपार होईपर्यंत मुद्दाम थांबलो. लवकर परतलो असतो तर संशय आला असता. त्या दगडावरून वरच्या रानातून येणारं पाणी ऐकू येत होतं. एवढं मात्र मला नीट आठवतं.

चौकीवर आलो तेव्हा भोयेदादा वाटच बघत होते. त्यांनी मला पाणी दिलं. किती झाडं, किती रोपं, काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"वर पाचोळा किती हो?"

मी म्हणालो, "पेर."

"पेर? गेल्या साली मूठ होती."

"आता पेरच आहे."

ते बराच वेळ कड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुम्ही पाहिलं म्हणता म्हणजे असंल." आणि खिशातला पेन काढून अकराही फॉर्मवर 'समक्ष पाहिले'च्या खाली सही केली. जिथे पाय गेले नव्हते तिथे त्यांनी सही केली ती ही एकदाच. माझे पाय गेले आहेत, या समजुतीवर.

मुलाखत चांगली झाली.

तीन आठवड्यांनी घोटा उतरला आणि ते वर गेले. हे मला नंतर कळलं. संस्थेकडे त्यांचा अर्ज आला, रेंज ऑफिसमार्फत. त्यात चार ओळी होत्या. कड्याखालचे अकरा प्लॉट मी समक्ष पाहिले नव्हते, सही केली ही माझी चूक आहे, आता पाहून आलो, जंगल उत्तम आहे, फेरपाहणी व्हावी. माझं नाव कुठेच नव्हतं. मी खोटं सांगितलं, असं त्यांनी एका शब्दाने लिहिलं नव्हतं.

संस्थेने मला विचारलं. लेखी. आपण सदर प्लॉटांवर प्रत्यक्ष गेला होतात काय? त्याच आठवड्यात कॉलेजचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. मी उत्तर लिहिलं, 'होय, मी प्रत्यक्ष पाहणी केली आहे.' एक ओळ. पहिलं खोटं आळसाचं होतं, घाईचं होतं, वय लहान होतं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. या ओळीसाठी मला आजवर कारण सापडलेलं नाही.

शिकलेल्या माणसाचं एक वाक्य एका बाजूला आणि स्वतःच्याच तोंडाने चूक कबूल करणारा वनरक्षक दुसऱ्या बाजूला. कुणाचं खरं धरलं गेलं असेल? त्या उतारावर 'धोक्यात' असा शिक्का बसला. आणि धोक्यात असलेल्या जंगलाची 'सुधारणा' करायची असं ठरलेलंच होतं. म्हणजे खालची झुडपं काढायची, वाकडी झाडं तोडायची, उतारावर चर खणायचे आणि एकाच जातीची रोपं रांगेत लावायची. उघड्या माळावर हे काम कदाचित चांगलं ठरलंही असतं. ते जिथे झालं तिथे आधीपासून जंगल उभं होतं. न पाहता सही केली म्हणून भोयेदादांना नोटीस मिळाली आणि त्यांची बदली झाली. बदली कुठे, तर नाशिक शहराबाहेरच्या लाकडाच्या डेपोवर. मेलेल्या ओंडक्यांच्या पहाऱ्याला.

तो डेपो माझ्या कॉलेजच्या वाटेवर होता. इतकी वर्षं मी हे लिहायचं टाळलं, त्याचं एक कारण हेही आहे. मी स्कूटरवरून रोज तिथून जात असे. तारेच्या कुंपणापलीकडे ओंडक्यांच्या थप्प्या आणि एका थप्पीवर बसलेला खाकी शर्ट. एकदा सिग्नल नसतानाही गाड्या थांबल्या होत्या आणि आम्ही दोघं वीस-पंचवीस पावलांवर होतो. ते ओंडक्याच्या सालीवरून हात फिरवत होते. मी हेल्मेटची काच खाली ओढली. दुसऱ्या दिवसापासून मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो. तो रस्ता लांबचा होता. बायको विचारायची, "तिकडून का जाता?" मी म्हणायचो, "ट्रॅफिक कमी असतं."

काही वर्षं अशी गेली. ते निवृत्त होऊन गावी गेल्याचं कानावर आलं आणि मी जुन्या रस्त्याने जाऊ लागलो. मग दोन हजारनंतरच्या एका वर्षी माझ्या वर्गात मंदा नावाची मुलगी आली, त्याच गावची. एक दिवस तास संपल्यावर थांबली.

"सर, तुम्ही आमच्याकडं मोजायला आला होतात ना? भोयेबाबा सांगतात."

मी हातातला खडू खाली ठेवला. "काय सांगतात?"

"म्हणतात, टेपसाहेब एक दिवस येतील. नक्की येतील म्हणतात."

जानेवारीत मी गेलो. पारूवहिनी नव्हत्या, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा-सून दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला. घरात ते एकटेच. ओट्यावर दोन पाट मांडलेले होते. एकावर ते बसलेले, दुसरा रिकामा. मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं. नंतर लक्षात आलं, तो पारूवहिनींचा पाट होता. तो त्यांनी उचललाच नव्हता.

"बसा," ते त्याच पाटाकडे बोट दाखवून म्हणाले. मी जमिनीवर बसलो.

मी पाणी मागितलं तेव्हा त्यांनी तांब्या अर्धाच भरून दिला आणि ओशाळल्यासारखं हसले. "झरा आता संक्रांतीलाच आटतो, साहेब. बाया नदीपर्यंत उतरतात. मला एकट्याला मंदाची आई एक हंडा देते. गाव बोलायला लागलं आता माझ्याशी. जंगल गेल्यावर."

मग स्वतःच म्हणाले, "चला, वर जाऊ. माझा पाय बरा हाय आता."

आम्ही चढलो. त्या सपाट दगडापाशी मी नकळत थांबलो. ते थांबले नाहीत. वर गेल्यावर दिसलं ते सांगण्यासारखं काही नाही. चर बुजलेले, त्यांच्या कडा पावसाने खाल्लेल्या. रोपांच्या रांगांतली निम्मी रोपं वाळलेली. मधे मधे ऐनाचे जुने बुंधे. लाल माती, पावलागणिक घसरणारी.

"हात घाला," ते म्हणाले.

मी उकिडवा बसलो, बाही सारली. बोट मातीवर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"किती?"

"नख."

"खरं बोललात."

वर बघायचा धीर नव्हता. म्हणालो, "दादा, मी तेव्हा वर आलोच नव्हतो."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पाय बरा झाला तेव्हापास्नं." तेही शेजारी बसले. "तुम्ही पेर म्हणालात ना, मग तीन आठवडे मला झोप नाय. पारूला म्हणायचो, एका सालात जंगल कसं गेलं गं? माझ्या राखणीत गेलं. ती म्हणायची, जाऊन तर बघा. मग लंगडत आलो. हिथंच बसलो, आता बसलोय तिथं. हात घातला. मुठीपर्यंत गेला. साहेब, मी एकटाच हसत सुटलो. कुणी बघितलं असतं तर येडा म्हणालं असतं. जंगल हाय म्हणून इतका आनंद झाला, की तुमच्यावर राग यायचा राहूनच गेला."

"मग माझं नाव का नाही लिहिलंत?"

"सही माझी होती. पाय गेला नाय तिथं गेली. तुम्ही खोटं बोललात ते तुमचं. सही माझी."

मग म्हणाले, "एक काम करा. जंगल तर आता काय होत नाय. तो कागद तेवढा दुरुस्त करून द्या. मी मेलो तरी माझी सही तिथं 'पेर, पेर' म्हणत बसंल. हिथं मूठ होती, एवढं लिहून द्या."

मी म्हणालो, "देतो." त्यांनी माझा हात हातात घेतला, मातीने भरलेला, आणि आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला.

मी कागद दुरुस्त केला नाही. संस्थेला पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट कपाटात ठेवलं. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. त्या पाहणीचा उल्लेख माझ्या कामांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. या महिन्यात नको, परीक्षा झाल्यावर टाकू, असं करत दोन वर्षं गेली. मंदा अधूनमधून भेटे. "बाबा विचारतात, कागद आला का?" मी म्हणायचो, "येईल." ती पुढे काही विचारत नसे. तिला काय माहीत होतं, मला ठाऊक नाही.

मग एके दिवशी तिचा फोन आला. मी दहाव्याला गेलो. मुलगा दिंडोरीहून आला होता. मला ओळखून म्हणाला, "तुम्ही टेपसाहेब ना? शेवटी शेवटी अण्णा तुमचीच आठवण काढायचे. कुणीतरी कागद घेऊन येणार म्हणायचे. कसला कागद, आम्हाला काय कळलं नाय." ओट्यावर आता दोन्ही पाट रिकामे होते. मी खालीच बसलो.

आज माझं वय भोयेदादांच्या त्या पाहणीच्या वेळच्या वयाइतकं झालं आहे. कपाटातलं पाकीट परवा काढलं. संस्था कधीच बंद झाली. पत्त्यावर दुसरं कुणी राहतं. पत्र पाठवायला आता जागाच उरली नाही. म्हणून इथे लिहितो. निदान चार माणसं तरी वाचतील.

कड्याखालचे अकरा प्लॉट मी पाहिले नव्हते. त्यांवरचे सगळे आकडे माझ्या मनाचे आहेत. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिथे पाचोळा मुठीपर्यंत होता, आणि ओला होता. समक्ष पाहणारे, चिंतामण भोये, वनरक्षक.

खाली सही माझी.